छऱ्याची बंदूक अर्ध्यात अडकते: दुरुस्तीच्या नोंदी

आमची शाळा आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडे. शाळेत नेमबाजी शिकणारी सहा पोरं आहेत, त्यांतल्या चार मुली. बंदूक एकच. साधी स्प्रिंगची, नळी बिजागरीवर खाली ओढून भरायची, ४.५ मिमी, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. शालेय स्पर्धांत ओपन साइटचा, म्हणजे साध्या उघड्या माशीने नेम धरायचा, प्रकार असतो, त्याचा सराव आम्ही हिच्यावरच करतो. ती बिघडली आणि पाच आठवडे गेले. अशीच बंदूक ज्यांच्याकडे आहे त्यांचे पाच आठवडे जाऊ नयेत म्हणून रोजच्या नोंदी जशा वहीत होत्या तशाच लिहितो आहे. चुकाही तशाच ठेवल्या आहेत.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सराव. सकाळी साडेसातला गोडाऊनमागे १० मीटर मोजून पेटी मांडली. पेटीत चिंध्या, मागे ६ मिमी जाडीचा पत्रा तिरपा. पहिलीच मुलगी नळी खाली ओढायला गेली आणि नळी अर्ध्यात थांबली. तिला वाटलं आपलाच जोर कमी पडतोय. मी ओढून पाहिलं तर मलाही दम लागला. साधारण ६० अंशांपर्यंत नळी नेहमीसारखी येते, मग एकदम लोखंड लोखंडाला धरल्यासारखी थबकते. जास्त जोर लावला की 'कट्' असा आवाज करून सुटते आणि पुढे पुन्हा नीट जाऊन चापाच्या खटक्यात बसते.

सराव तिथेच थांबवला. अर्ध्यात अडकलेली नळी फार धोक्याची. त्या वेळी स्प्रिंग दाबलेली असते, पण पिस्टन, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन हवा दाबणारा दट्ट्या, कशातच अडकलेला नसतो. हात सुटला तर नळी फटकन वर येते. बोटं सापडतात, नळी वाकते किंवा दस्त्याला तडा जातो. दोन्ही हातांनी धरून सावकाश जागेवर आणायची. गुडघ्यावर टेकवून जोर मारायचा नाही. सगळ्यांना हे पुन्हा करून दाखवलं आणि बंदूक घरी आणली.

१ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत नाव द्यायला अकरा पोरं आली होती. राधानगरी तालुक्यातल्या एका खेड्यातलं पोरगं हे करू शकतं, एवढं त्यांना पुरलं. त्या अकरांतली सहा टिकली आहेत. बंदूक बंद पडली तर तीही गळतील, ही माझी खरी काळजी आहे.

११ नोव्हेंबर

नुसतं 'जड जाते' म्हणून चालणार नव्हतं, आकडा हवा होता. घरात कापूस मोजायचा हुकाचा डिजिटल काटा आहे, वेचणीवाल्या बायांचा कापूस किलोवर मोजतो तोच. नळीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, त्यात हुक अडकवला, दस्ता पोत्यावर टेकवून भावाने धरला. छर्रा नाही, तोंड भिंतीकडे. मी काट्याने ओढत गेलो.

सुरुवातीला ९ किलो, मग १४. अडकण्याच्या जागी २६. सुटल्यावर पुन्हा १४. तीनदा मोजलं. दोनदा २६ आणि एकदा २७ आलं. नवी होती तेव्हा मोजायला हवं होतं. तो आकडा माझ्याकडे नाही. पण आठवीतली मुलगी ती सहज भरायची, म्हणजे १४ च्या आसपासच असावी.

१२ नोव्हेंबर

मनात तीन संशयित होते. एक, वंगण वाळलं. दोन, स्प्रिंगचा एखादा वेढा तुटून सिलिंडरच्या आत घासतोय. तीन, पिस्टनचं सील फाटून दुमडलं. तिन्ही आतले आहेत म्हणून आख्खी बंदूक खोलायचं ठरवलं. आज मागे पाहिलं तर सगळा वेळ इथेच वाया गेला. बाहेरचं काही तपासायचं माझ्या डोक्यात आलंच नाही.

१३ आणि १४ नोव्हेंबर

मागची टोपी काढल्यावर स्प्रिंग चार-पाच सेंटीमीटर बाहेर उसळते. हाताने आवरणारी ती गोष्ट नाही. त्यासाठी शिकंजा हवा. गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंकडे गेलो. दोन अँगल, मध्ये एक जुना ट्रॅक्टरचा लांब बोल्ट, एका टोकाला लाकडाचा ठोकळा असं चित्र काढून दिलं.

ते म्हणाले, "सर, हे काऊन खोलता बाप्पा? स्प्रिंग अंगावर यीन ना."

मी म्हटलं, म्हणूनच तर हा शिकंजा. दुसऱ्या दिवशी सांजच्याला तयार करून दिला. ३०० रुपये घेतले. काम चोख होतं. बोल्टच्या टोकाला त्यांनी स्वतःहून पितळेची चकती लावून दिली, टोपीवर ओरखडा पडू नये म्हणून. ही चकती मला सुचली नव्हती.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्तिक पौर्णिमा, गुरुनानक जयंतीची सुट्टी. सकाळी दहाला बसलो, चारला उठलो.

खोलण्याचा क्रम असा. दस्त्याचे पुढचे दोन पेच, डावा आणि उजवा, मग चापाच्या कडीजवळचा एक. दस्ता निघाला. मग बंदूक शिकंज्यात धरली, टोपीवर बोल्ट टेकवला, स्प्रिंगचा भार बोल्टवर घेतला आणि पंचने चापाच्या दोन पिना काढल्या. त्यानंतर बोल्ट अर्धा-अर्धा आटा करत मागे घेतला. चष्मा लावला होता. टोपीच्या सरळ रेषेत कोणी बसायचं नाही, पोरगा बघायला आला त्यालाही बाजूला बसवलं. टोपी निघाली, स्प्रिंग निघाली. मग कॉकिंगच्या दांड्याचं, म्हणजे नळी ओढली की पिस्टन मागे ढकलणाऱ्या दांड्याचं, टोक पिस्टनच्या खाचेतून सोडवलं आणि पिस्टन मागून ओढून काढला.

जे निघालं ते पाहून मला वाटलं, कारण सापडलं. पिस्टनच्या मागच्या भागावर काळं, चिकट, लोकरीसारखं वेटोळं बसलेलं होतं. बोटाने सोडवून कागदावर ठेवलं तर आत पांढरे तंतू दिसले. तो कापूस होता. सुट्टीत बंदूक घरी होती आणि ज्या खोलीत ठेवली तिथेच यंदाचा वेचलेला कापूस छतापर्यंत भरला होता. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल, बाजारात त्याखालीच मागत होते, म्हणून आमच्यासारख्या बऱ्याच घरांनी कापूस घरातच ठेवला. त्या खोलीत दार उघडलं की उन्हात तंतू तरंगताना दिसतात. सिलिंडरच्या खालच्या खाचेतून ते आत गेले आणि मी उन्हाळ्यात भरलेल्या ग्रीसला चिकटले. ते ग्रीस बैलगाडीच्या बेअरिंगचं होतं. ही माझी चूक होती. जाड ग्रीस या कामाचं नाही. धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होतं.

स्प्रिंग तुटलेली नव्हती. शहाबादी फरशीवर गडगडवून पाहिली, किंचित डुलते, म्हणजे थोडी वाकली आहे, पण चालण्यासारखी. सील शाबूत. दांड्याच्या डाव्या अंगावर एक चकाकती रेघ दिसली, बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्या शेवटी नखाला लागेल असा उंचवटा. वहीत 'जुनी झीज' असं लिहून मी पुढे गेलो.

१७ नोव्हेंबर, रविवार

रॉकेल आता कुठे मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टरमधून पाव लिटर डिझेल काढलं. पिस्टन, स्प्रिंग, दांडा, सिलिंडर सगळं त्यात धुतलं. जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसलं. मोलीची (मॉलिब्डेनमची) वंगणाची पेस्ट अमरावतीहून मागवली होती, ४२० रुपयांची ट्यूब, ती पिस्टनच्या मागच्या कडेला, दांड्याच्या टोकाला आणि स्प्रिंगला अगदी पुसट लावली. सीलच्या पुढे काहीच लावायचं नाही. जोडून काट्याने ओढलं. अडकण्याच्या जागी १७ किलो. खूप आनंद झाला.

मग मागे जाऊन एक छर्रा मारला. फट्कन मोठा आवाज झाला, नळीतून निळा धूर आणि जळक्या डिझेलचा वास. छर्रा नेमापेक्षा चार बोटं वर लागला. सिलिंडरच्या पुढच्या टोकाला, जिथे चिंधी पोचत नाही, तिथे डिझेलचा थर राहिला होता. पिस्टन पुढे आदळताना हवा दाबली जाऊन इतकी तापते की डिझेल पेटतं. इंजिनात जे होतं तेच. त्याने सील जळतं, स्प्रिंग तुटू शकते आणि बंदुकीची ताकद त्या एका बारापुरती किती वाढते याचा नेम नाही. पोरं जवळ नव्हती, हे बरं झालं.

पुन्हा सगळं खोललं. लांब काडीला कापड गुंडाळून पुढचं टोक चार वेळा पुसलं, मग दिवसभर उन्हात पालथं ठेवलं. सील काढून पाहिलं तर कडेला एक काळा डाग पडलेला. नवं सील २५० रुपयांचं. ते मागवलं आणि तोवर जुनंच बसवलं. ज्याला धुवायचंच आहे त्याने डिझेल वापरू नये. कोरडी चिंधी, जुना टूथब्रश आणि धीर, एवढ्यात काम होतं.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी सगळे पेच नीट आवळले. काल घाईत हातानेच बसवले होते. उद्यापासून निवडणुकीची ड्यूटी, हिंगणघाटला. २० तारखेला मतदान. २१ च्या पहाटे घरी आलो आणि त्यापुढचे दोन दिवस झोपेत गेले, म्हणून नोंद नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सराव ठेवला होता. पोरं सातलाच हजर. पहिल्याच ओढीला नळी अडकली. काटा लावला, २५ किलो.

सहाही जण माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटलं. एक मुलगी धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, तीन किलोमीटर चालत येते, तेही आईसोबत वेचणीला जाण्याच्या आधी. तिला सांगितलं की पुढच्या रविवारी नक्की. मग त्यांना घरी न पाठवता दीड तास नुसती उभं राहण्याची, श्वासाची आणि नेम धरण्याची तालीम घेतली. नळी बंद, छर्रा नाही, चापाला बोट नाही. रिकामी स्प्रिंगची बंदूक चालवायचीच नाही, पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन आपटतो. शाळेच्या खडूने भिंतीवर १० मीटरच्या टार्गेटच्या काळ्या भागाएवढा गोल काढला, ३०.५ मिमीचा. त्याच्या मधलं दहाचं टिंब फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं हे सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

२६ नोव्हेंबर

आता शंका स्प्रिंगवर. थोडी वाकली होतीच. नवी मागवली, ४५० रुपये अधिक टपाल ६० रुपये.

५ डिसेंबर

पार्सल नवव्या दिवशी आलं. व्हर्नियर लावला तर तारेची जाडी ३.२ मिमी. आमची २.९ मिमी. म्हणजे जास्त ताकदीची. दुकानदाराने 'फिट होईल' म्हटलं होतं आणि ती बसलीही असती. पण बसवली नाही. ताकद वाढवायची आमची गरज नाही, २० ज्यूलची मर्यादा ओलांडली तर कायद्याचा प्रश्न येतो आणि आठवीच्या मुलीला ती भरताही येणार नाही. परत पाठवली. टपालाचे ६० रुपये बुडाले. मागवण्याआधी जुन्या स्प्रिंगची तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि लांबी हे चारही आकडे कळवायला हवे होते. मी फक्त मॉडेल सांगितलं.

८ डिसेंबर, रविवार

आजची नोंद सगळ्यांत महत्त्वाची.

नळी मी ओढून देतो, तुम्ही फक्त नेम धरा, असं म्हणून सराव सुरू केला. पंचविसेक बार मी घामाघूम होऊन भरून दिले. नंतर हळूहळू ओढ हलकी वाटायला लागली. पन्नासाच्या पुढे तर जवळजवळ अडकणं थांबलंच. मला वाटलं, पेस्ट पसरली, बंदूक रुळली. सराव संपल्यावर नेहमीच्या सवयीने मी दस्त्याचे पेच तपासले. पुढचा डावा दीड आटा सैल झाला होता. आवळायला अ‍ॅलन की काढली.

तेव्हा धुऱ्यावरून येणारी ती मुलगी म्हणाली, "सर, तुमी पेच आवळले की मंगच अडकते थे. आपण पन्नासक छर्रे मारले का मंग हलकं जाते."

मी की हातात धरून तसाच उभा राहिलो. पेच न आवळता नळी ओढली, मऊ गेली. पेच आवळला आणि पुन्हा ओढली, अर्ध्यात थबकली. पेच दीड आटा सोडला, पुन्हा मऊ. पोरांना म्हटलं, आता तुम्हीच करून बघा. प्रत्येकाने एकेकदा पाहिलं.

आता जे मी पहिल्या नोंदीत लिहिलंच नव्हतं ते लिहितो. ऑक्टोबरमध्ये, सुट्टी लागायच्या आधी, तोच डावा पेच सरावात गळून गवतात गेला होता. सापडला नाही. आर्वीच्या हार्डवेअरच्या दुकानातून आटे जुळणारा एक आणला, १० रुपयांचा, आणि बसवला. बिघाड त्यानंतरच्या पहिल्या सरावाला दिसला. या दोन गोष्टींचा संबंध मी चार आठवडे जोडला नाही, कारण माझ्या लेखी पेच बसवणं ही दुरुस्तीच नव्हती.

९ डिसेंबर

शाळा सुटल्यावर मोजमाप. उजवा मूळ पेच काढला, लांबी १२ मिमी. डावा नवा, १६ मिमी. मूळ पेचाखाली खाचांचं वॉशर आहे, नव्याखाली नाही. म्हणून तो दर वेळी लवकर सैल होत होता. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो, आधी मागे, मग पिस्टन थांबताना पुढे, त्यात पेच फिरतातच.

हा पेच दस्त्याच्या लाकडातून सिलिंडरच्या पुढच्या फाट्यात जातो. दोन फाट्यांमधून कॉकिंगचा दांडा मागे-पुढे सरकतो. खालून टॉर्च मारून पाहिलं, पूर्ण आवळलेल्या नव्या पेचाचं टोक फाट्याच्या आत २.५ मिमी बाहेर आलेलं. दांडा पुढे अरुंद आहे, मध्ये रुंद. अरुंद भागाशी फट ३ मिमीच्या वर, म्हणून सुरुवातीला लागत नाही. रुंद भाग समोर आला की फट दीड मिलिमीटर, आणि तिथे पेच दांड्यात रुततो. या मापाच्या पेचाच्या एका आट्याला ०.८ मिमी. दीड आटा सुटला म्हणजे टोक १.२ मिमी मागे गेलं, राहिलं १.३, आणि दांडा मोकळा झाला. गेल्या महिन्याभरात जे जे घडलं ते सगळं या आकड्यांत बसतं. १७ तारखेला हाताने बसवले तेव्हा १७ किलो आणि १८ ला आवळल्यावर पुन्हा २५, हेही.

त्या 'जुनी झीज' म्हणून सोडलेल्या रेघेचं कारणही हेच. पेचाचं टोक तिच्यावर ठेवून पाहिलं, कुलपात किल्ली बसावी तसं बसलं.

१० डिसेंबर

पेच व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने १२ मिमीला कापला. कापण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवला होता. कापल्यावर टोक कानशीने गोल केलं आणि नट फिरवून बाहेर काढला, त्याने शेवटचा आटा साफ होतो. नट न चढवता कापलेला पेच फाट्यातले आटे खाऊन टाकतो आणि मग पेचापेक्षा मोठं काम निघतं. खाचांचं वॉशर ५ रुपयाला मिळालं.

बसवून मोजलं, १८ किलो. अडकत नाही, पण त्याच जागी खरखर जाणवते.

१४ डिसेंबर, शनिवार

खरखरीचं कारण तो उंचवटा. महिनाभर पेचाने ओरबाडून दांड्याच्या कडेला धातूचा ओठ उभा केला होता आणि तो सिलिंडरच्या खाचेच्या काठावर घासत होता. म्हणजे मुख्य कारण गेलं तरी त्याने केलेली इजा मागे होती. पुन्हा खोलणं आलं. या वेळी शिकंजा लावून तासाभरात झालं.

दांडा व्हाइसमध्ये, जबड्यांना चामड्याचे तुकडे लावून धरला. बारीक कानशीने फक्त ओठ उतरवला. रेघेचा खड्डा तसाच ठेवला. तो भरायला किंवा सपाट करायला गेलो असतो तर दांडा पातळ झाला असता, आणि खड्डा कशालाच घासत नाही. मग ४०० चा पॉलिशपेपर, त्यावर १००० चा, थोडं तेल. बोटाचं नख आडवं फिरवलं तर लागत नाही, इतपत. सिलिंडरच्या खाचेचा काठ पाहिला, दोन ठिकाणी बारीक धार आली होती. तिथे कानस आत घालायची नाही, किस सिलिंडरमध्ये पडतो. आधी आत तेलकट कापडाचा बोळा कोंबला, काठावर पेपर दोनदा फिरवला, बोळा किसासकट बाहेर ओढला.

डाग पडलेल्या सीलच्या जागी नवं बसवलं. बिजागरीचा बोल्ट उगाच घट्ट केला नाही. नळी कुठेही सोडली तरी तिथेच थांबेल इतकाच आवळला, तो जास्त आवळला तरी बंदूक जड जाते आणि माणूस पुन्हा आत कारण शोधत बसतो. नळीच्या मागची रबराची रिंग पाहायला तिच्यावर टिश्यू कागदाचा तुकडा धरून एक बार काढला, कागद हलला नाही, म्हणजे हवा गळत नाही.

मोजलं. सुरुवातीला ९, पुढे सगळीकडे १४. मध्ये काटा उडी मारत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आठवीतल्या मुलीने स्वतः भरली. पहिल्यांदा तिने जुन्या भीतीने दोन्ही हातांनी जोर लावला आणि नळी इतकी सहज आली की ती एक पाऊल मागे गेली. छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवायची, पिस्टन खटक्यात बसला असला तरी. हे तिला सांगावं लागलं नाही, तिने धरलीच होती. तिने पाच छर्रे टेकून मारले, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे. सहा जणांचे मिळून १२० छर्रे झाले. शेवटी पंपावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, छऱ्यांत शिसं असतं.

सराव झाल्यावर पेच पाहिले. एकही हलला नव्हता.

२२ डिसेंबर, रविवार

पेचाच्या डोक्यावरून दस्त्यावर जाईल अशी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली तर पेच फिरला, जुळलेली असली तर नाही. की लावायचीच गरज नाही. याआधी मी काळजीपोटी पेच आवळत होतो आणि दर वेळी बिघाड परत आणत होतो.

हिशोब विचारला जातो म्हणून देतो. शिकंजा ३००, मोलीची पेस्ट ४२०, सील २५०, परत गेलेल्या स्प्रिंगचं टपाल ६०, पेपर आणि वॉशर ३५, आर्वी आणि अमरावतीचं एसटी भाडं साधारण २४०. एकूण १,३०५ रुपये. यातले पेच कापायला आणि ओठ उतरवायला खरे लागले ते ३५. शिकंजा कामाचा आहे, तो शाळेत ठेवला. सील डिझेलमुळे बदलावं लागलं. बुडालेले रविवार चार.

ज्याची नळी अशीच अर्ध्यात अडकते त्याने आधी एवढं करावं. छर्रा नाही याची खात्री, तोंड सुरक्षित दिशेला, आणि दस्त्याचे पुढचे दोन्ही पेच दोन-दोन आटे सैल करून नळी अडकण्याच्या जागेच्या थोडी पुढे नेऊन परत आणावी, खटक्यात बसू देऊ नये. हलकी गेली तर पेच काढून एकमेकांशेजारी ठेवून बघावेत. त्यात फरक नसेल तर दांड्याच्या दोन्ही कडा टॉर्चने पाहाव्यात, चकाकती रेघ जिथे असेल तिच्या समोर काय येतं ते शोधावं. स्प्रिंगला हात शेवटी. आणि ज्याच्याकडे शिकंजा नाही त्याने टोपी काढूच नये, दुकानात न्यावी.

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजवर ६०० च्या वर छर्रे झाले. काटा लावला, १४. पांढरी रेघ जुळलेली. कापूस मागच्या आठवड्यात विकला, खोली रिकामी झाली, तरी बंदूक आता शाळेच्या कपाटात, कापडी पिशवीत असते आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे. परवा संक्रांत आहे, सराव पुढच्या रविवारी. धुऱ्यावरून येणाऱ्या मुलीने वहीचं काम मागून घेतलं. काट्याचा आकडा, छऱ्यांची संख्या आणि काय बदललं, मग तो एक पेच का असेना, हे दर वेळी आता तीच लिहिते.